पाचशे चारमधले पुनुगुलू

विशाखापट्टणमच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ॲप आलं, तेव्हा सुवर्चलाम्मांनी मॅनेजर चलपतीला सांगून टाकलं, "बाबा, मला ते जमायचं नाही. नळ गळला की मी तुला हाक मारीन."

"हाका बंद, अम्मा. तक्रार आता ॲपवरच. टाइप नका करू, नुसतं बोला. ते लिहून घेतं."

सुवर्चलाम्मा शाळेतून निवृत्त झालेल्या, पाचव्या मजल्यावर एकट्या. चार वर्षांत त्यांची ओळख म्हणजे शेजारची मी आणि लिफ्टमधला आरसा.

शुक्रवारी नळ गळायला लागला. प्लंबरनं टाळाटाळ करू नये म्हणून त्या फोनला लाडीगोडीनं म्हणाल्या, "आज चारला पाचशे चारमध्ये नक्की या. गरम पुनुगुलू तळून घालते." नळाचं सांगायचं राहिलंच. आणि बटण दाबलं ते तक्रारीचं नाही, सूचनाफलकाचं. एकशे साठ घरांतले फोन एकदम वाजले.

चारला दारात तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं उभं.

"तुम्ही दोघं प्लंबर?"

"नाही अम्मा, बँकेत आहोत."

त्यांच्यामागे एक दातांचे डॉक्टर, कराटेच्या कपड्यांतल्या तीन मुली, खालच्या गाळ्यातले चष्म्यांचे दुकानदार, आणि जिन्यात अजून रांग.

"एका नळाला एवढी माणसं?" अम्मांनी मला विचारलं. मी फोन दाखवला. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि अशा हसत सुटल्या की हातातला झारा खाली पडला. "आलात तर बसा. चपला मात्र बाहेर."

पुनुगुलू म्हणजे इडलीच्या पिठाची छोटी गोल भजी; पीठ वीस मिनिटांत संपलं. तळमजल्यावरच्या टिफिन सेंटरवाल्यानं इडलीच्या पिठाचा डबा लिफ्टमध्ये ठेवून एकटाच वर पाठवला. मुली तळायला लागल्या. डॉक्टरांनी घरून चटणी आणली. गोदीतले निवृत्त इंजिनियर अप्पलस्वामी सिंकखाली आडवे झाले आणि तोंडात पुनुगुलू ठेवून त्यांनी नळ दुरुस्त केला. सोफ्यावर सातजण बसले होते, कोण कोणाच्या मांडीवर ते कळत नव्हतं.

तेवढ्यात चलपती धापा टाकत आला. "अम्मा, चुकीच्या जागी पडलंय. पुसून टाकतो."

"हात लावू नकोस. बस, खा. आणि रविवारचं कुठे लिहायचं ते दाखव."

त्यानं तोंडातला घास गिळेपर्यंत मुलींनी लिहूनही टाकलं होतं: रविवारी चारला, गच्चीवर. ताटली आपापली आणावी.