वखारीमागचं निळं दार

साहेब, त्याला तुम्ही मारलंत. बंदूक त्या घरातल्या माणसाची होती, हे मला ठाऊक आहे. तो तर त्याच दुपारी सापडला. पळालासुद्धा नव्हता, खाटेवर बसून होता. तो तपास तुम्ही चहा गार व्हायच्या आत उरकलात. आपला शिपाई त्या दारापर्यंत आंधळा का गेला, हा दुसरा तपास मात्र पाच महिने रखडला आणि फिरून फिरून माझ्याच खुर्चीपाशी येऊन बसला.

“सही करा, बाई,” चौकशीसाहेब म्हणाले.

माझा जबाब त्यांनी टाइप करून आणला होता. मी काही बोलायच्या आधीच. चौथी ओळ अशी होती: ‘मयत शिपायाने दारावर जाण्यापूर्वी नियंत्रण कक्षाकडे कोणतीही विचारणा केली नाही.’

“हे खरं नाही.”

“कुठलं?”

“त्यानं विचारलं होतं. एकदा नाही, दोनदा.”

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. “त्या वेळचं रेकॉर्डिंग मिळत नाही.”

“मशीनला मिळत नसेल. मला आठवतंय.”

“बाई, तुमच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. ही ओळ तुमच्याच भल्यासाठी घातलीय. त्यानं विचारलंच नाही, म्हणजे तुम्ही उत्तर दिलंच नाही. कळतंय का?”

कळत होतं. न कळण्याइतकी मी दूधखुळी नाही. “उद्या करते सही,” म्हणून मी उठले. तो उद्या मी अकरा दिवस लांबवला.

नियंत्रण कक्षात मला सव्वीस वर्षं झाली. फोन घ्यायचा, पत्ता घ्यायचा, जवळची गाडी पाठवायची. माझ्या आधी त्या खुर्चीवर थोरल्या बाई होत्या. त्यांच्या काळात एक शिपाई एका दारात गेला आणि तिथंच संपला. नंतर कळलं, आदल्याच वर्षी त्याच दारात दुसऱ्या शिपायावर कुऱ्हाड उगारली होती. पण ते ज्याला माहीत होतं त्याची बदली झालेली. थोरल्या बाईंनी कुणाची परवानगी मागितली नाही. लाल पुठ्ठा आणला, कात्रीनं कार्डं कापली, सुताराकडून एक पेटी करून घेतली.

तेव्हापासून रीत पडली. वाईट घरातून परतलेला शिपाई गाडीत बसल्या बसल्या वायरलेसवर म्हणायचा, “ताई, लाल करा.” मग तो बोलेल तसं मी लिहून घ्यायची. ‘शाळेसमोरचा लोखंडी जिना. कुत्रं भुंकत नाही, थेट धरतं.’ ‘पाण्याच्या टाकीखालचा म्हातारा. चाकू उशाखाली. बायकोचा विषय काढू नये.’ ‘वखारीमागचं निळं दार. शिकारीची बंदूक, आतून दारातूनच मारीन म्हणतो. दारासमोर उभं राहू नका, भिंतीला लागून राहा.’

घर नंबर कुणीच सांगायचं नाही. जीव मुठीत धरून आलेल्या माणसाला दार आठवतं, नंबर नाही. सगळी पेटी दारांवरून लावलेली. आणि पुढचा शिपाई कुठल्याही दारात पाय टाकण्याआधी विचारायचा, “लाल आहे का?” माझ्या सव्वीस वर्षांत, पेटी टेबलावर होती तोवर, आमचा एकही माणूस दारात मेला नाही. योगायोग म्हणायचा तर म्हणा. मी म्हणत नाही.

मग मशीन आलं, नवा कॉम्प्युटर. मोठे साहेब, म्हणजे तुम्हीच, उद्घाटनाला येणार म्हणून हुकूम सुटला: कक्षात कागदाचा कपटा दिसता कामा नये. पेटी तळघरात गेली. मी म्हटलं, कार्डं आधी मशीनमध्ये भरू द्या. “त्याला वरून मंजुरी लागते. कळवू.” तुमच्या कचेरीला तीनदा लेखी विचारलं. तिन्ही वेळा कळवू. मशीनमध्ये ‘धोक्याची सूचना’ नावाचा रकाना होता. कडेनं छान लाल पट्टी. आत शुकशुकाट.

बरीचशी कार्डं मला पाठ होती. त्यावर वर्षभर निभावलं. कुणी ‘टाकीखालचा म्हातारा’ म्हटलं की मी लगेच चाकू म्हणायची.

गेलेल्या शिपायाला सगळे ‘दोनदा’ म्हणायचे, कारण तो कुठलीही गोष्ट दोनदा विचारायचा. अकरा वर्षं मी त्याच्याशी रोज बोलले आणि त्याचं तोंड कधी पाहिलं नाही. आमची इमारत वेगळी, त्याची चौकी वेगळी. पाहिलं ते पहिल्यांदा वर्तमानपत्रात. कान एवढे मोठे असतील असं वाटलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी दोनला एका बाईचा फोन आला. शेजारी आरडाओरडा चाललाय, काचा फुटल्यात. मशीननं पत्ता दाखवला: बारावी गल्ली, सत्तेचाळीस. रकाना रिकामा. दोनदाची गाडी जवळ होती.

“ताई, पोचलो. लाल आहे का?”

“नाही.”

“नक्की ना?”

माझ्या दुसऱ्या कानाला अपघाताचा फोन लागलेला. पलीकडचा माणूस ओरडत होता.

“नाही म्हटलं ना रे! किती पिडशील? जा.”

“जातो, जातो. रागावू नका. घरी पण हेच ऐकतो.”

हे त्याचं शेवटचं वाक्य. मी ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

दार कुठल्या रंगाचं आहे, एवढंच मला विचारायचं होतं. वखारीमागचं निळं दार म्हटलं असतं तर मी झोपेतही ओरडले असते. पण मशीननं मला आकडा दिला आणि आकड्याला रंग नसतो. दार अजून निळंच होतं. फोटोत दिसलं. मधोमध भोक.

ड्यूटी संपेपर्यंत मी आणखी चौदा गाड्या पाठवल्या. घरी जाऊन भांडी घासली. नवरा म्हणाला, “आज गप्पशी?” म्हटलं, “घसा बसलाय.” रडू आलं नाही. अजूनही येत नाही. दात काढण्याआधी सुई मारल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं सगळं आहे.

गाडीच्या चालकानं जबाबात लिहून दिलं, ‘गाडी वळवत होतो, काही ऐकलं नाही.’ त्याची बदली आता त्याच्या घराजवळ झालीय. मी त्याला नावं ठेवत नाही. त्याला लहान पोरं आहेत.

सही लांबवून दहावा दिवस रविवार होता. दारावर एक बाई आली. तिनं नाव सांगायच्या आधीच मी ओळखलं.

“या, वहिनी.”

“तुम्हीच ना वायरलेसवरच्या ताई? आवाज ऐकलाय मी. जेवायला बसले की तुमचा आवाज आलाच! मी म्हणायची, तुमची दुसरी बायको बोलावतेय, जा.” ती हसली आणि लगेच थांबली. मी पाणी दिलं. ते तिनं नुसतं हातात धरलं.

“साहेब म्हणतात, चूक यांचीच. यांनी विचारलं नाही.”

तिनं पेला या हातातून त्या हातात घेतला.

“अहो ताई, हा माणूस स्वतःच्या घरात शिरताना चपला कुठं काढू ते विचारायचा. मला लग्नाचं विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. तर म्हणाले, नक्की ना? मी म्हटलं, आता परत विचाराल तर नाही म्हणेन.” पेला तिनं खाली ठेवला. “असा माणूस न विचारता जाईल?”

“नाही जाणार.”

“मग?”

तेव्हाच सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, “बघते मी.” ती गेल्यावर मी त्या भरल्या पेल्याकडे बघत बसले. तुमचं ‘कळवू’ आणि माझं ‘बघते’, दोन्ही एकाच माळेचे मणी.

सोमवारी सकाळी तळघरात गेले. भांडारवाला म्हणाला, “काय ताई, इकडं कुठं वाट चुकलात?”

“माझी एक वस्तू राहिलीय.”

“घ्या शोधून. इथं आलेली वस्तू वर गेल्याचं मी तरी बघितलं नाही.”

पेटी जुन्या हेल्मेटांखाली होती. एक कोपरा उंदरांनी कुरतडलेला. कार्डं जागच्या जागी. ‘व’मध्ये हात घातला आणि पहिलंच आलं. अक्षर माझं. कडेला माझ्याच चहाचा डाग. ते मी चौकशीसाहेबांच्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग विचारलं, “हे आणलंत कुठून?”

“तळघरातून.”

“तळघरात जायची परवानगी घेतली होती?”

माणसाचं मरण सहा वर्षं आधी लाल पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेलं, आणि साहेबांना परवानगीची पडली होती.

मी चौथी ओळ खोडली. वर लिहिलं: ‘त्यानं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. दुसऱ्या वेळी रागावून.’ खाली सही केली.

“बाई, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय.”

“घेतेय. पाय माझाच आहे ना?”

संध्याकाळी वहिनींकडे जाऊन सगळं सांगितलं. ‘रागावू नका’सकट. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “घरी पण हेच ऐकतो, असं म्हणाले?” मी मान हलवली. त्यांनी दार लावून घेतलं. हळू लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

त्याला सात आठवडे झाले. मला घरी बसवलंय. पेटीला, ऐकते, कुलूप घातलंय, पुरावा म्हणे. माझ्या खुर्चीवर नवी मुलगी आहे. काल तिचा फोन आला.

“मावशी, रकाना अजून रिकामाच आहे हो. शिपाई विचारतात, लाल आहे का. मी काय सांगू?”

 उत्तर माझ्याकडे नाही, तिच्याकडेही नाही. ते तुमच्या कुलपात आहे.

साहेब, दोनदाला मी तीन सेकंदांत उत्तर दिलं. चुकीचं दिलं, पण माझ्या तोंडानं दिलं आणि त्याखाली माझी सही आहे. तुम्हाला सात महिने झाले. ती मुलगी लाइनवर आहे. गाडी कुणाच्या तरी दारात उभी आहे, आणि शिपाई खाली उतरलाय.

लाल आहे की नाही? सांगा.