बॉनेटखालचं आसन

मेंढपाळ बिरूच्या सुनेचे, सारजाचे, दिवस भरत आले होते. पहिल्या खेपेला मूल अडून गेलं होतं, म्हणून ह्यांनी ठरवलं, यंदा तिला वेळेआधीच वेल्ह्याच्या डोंगरातून आमच्या मोटारीत घालून भोरला दवाखान्यात आणायचं.

पण बिरूने आमच्या ओट्यावर येऊन हात जोडले. "डागतरसाहेब, गाडी वर नगं. मागल्या बारीला तिच्या आवाजानं माज्या दोन मेंढ्या गाभडल्या. आता तर समदा वाडगा गाभण हाय."

"अरे, सून मोठी की मेंढ्या?"

"मेंढ्या गेल्यावर सून खाईल काय? झोळीतनं आनतो तिला."

"त्या उतारावरून? या दिवसांत?"

संस्थान विलीन झालं तेव्हा एका कारभाऱ्याकडून घेतलेली ती जुनी गाडी. चढाला लागली की दरीभर घुमायची. बॉनेटला आतून लोकरीचं जाड अस्तर दिलं तर आवाज दबेल, हे ह्यांना ठाऊक होतं. "पण खाली इंजिन तापलेलं," हे म्हणाले. "लोकरीने पेट घेतला तर? आत पोटुशी बाई."

मी जप आटोपून उठत होते. हळूच म्हटलं, "अहो, परवा धुपाटण्यातला निखारा माझ्या आसनावर पडला. लोकर करपली, वास सुटला, पण जाळ झाला नाही."

"तुझ्या देवाने विझवला असेल."

"तुम्ही ठेवून बघा. देव तोच आहे."

ह्यांनी चिमट्याने निखारा ठेवला. लोकर आकसली, काळी पडली आणि तिथेच थांबली. रोज जिच्यावर बसून मी नाव घेते, तिच्या अंगी हे सामर्थ्य! मी नकळत हात जोडले.

"तेल लागू द्यायचं नाही," हे चिमटा खाली ठेवत म्हणाले. "आणि धुराच्या नळीपासून लांब."

बॉनेटच्या एका पाखाला माझं आसन बसवलं. दुसऱ्याला बिरूने खांद्यावरचं घोंगडीसारखं लोकरीचं जेन काढून दिलं. तारेने आवळताना म्हणतो कसा, "वैनी, गाडीला कुंची घातली म्हना की!"

दुसऱ्या दिवशी मी सोबत गेले. येताना सारजाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वाट वाडग्याला अगदी खेटून. जाताना मेंढ्या रानात होत्या; सारजाची आवराआवर होईतो त्या परतून बसल्या होत्या. बिरू पुढे हात वर करून चालला होता. मेंढ्या उठल्या तर गाडी तिथेच थांबवायची, असं ठरलेलं.

शेकडो डोळे आमच्याकडे वळले. मी श्वास धरला. एकीने कान हलवला. मग माना खाली गेल्या, आणि काचेतून मला त्यांच्या रवंथाचा आवाज ऐकू आला. एवढा जीव, पोटात आणखी जीव घेऊन, शांत बसलेला. देवळातही मला असं भरून आलं नव्हतं.

बिरूचा हात खाली आला.

"वैनी," सारजा डोळे मिटूनच म्हणाली, "गाडी कवा सुरू हुनार?"

"अगं, निघालो आपण," मी म्हटलं. बाहेर वाडगा मागे पडत होता.