फाजील तेल

सासरेबुवांनी पस्तीस वर्षं एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. निवृत्त झाल्यावर सांभाळायला स्टोअर उरलं नाही, म्हणून त्यांनी सुनेची पिकअप सांभाळायला घेतली. सुनेला कोणी विचारलं नव्हतं.

सून लोकांचं घरसामान हलवायची. रविवारी दुपारी शेवटची खेप टाकून ती दारात गाडी लावायची, इंजिन बंद करायची आणि सासरेबुवा पांढरं फडकं घेऊन बॉनेट उघडायचे. गाडी ऑटोमॅटिक होती. तिच्या गिअरबॉक्सचं तेल मोजायला वेगळी पट्टी होती आणि त्या पट्टीला हात लावायला घरात फक्त एकाच माणसाला परवानगी होती. तो माणूस कोण, हे सांगायला नको.

एवढी देखभाल असूनही गाडीने तीन महिन्यांत तीनदा मान टाकली. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं बोंबलायचं आणि गाडी जागची हलायची नाही. तिसऱ्यांदा तर मागे एका नव्या जोडप्याचा अख्खा संसार बांधलेला होता. दर वेळी मिस्त्री गिअरचं तेल भरून द्यायचा, गाडीखाली झोपून गळती शोधायचा, आणि कोरडे हात घेऊन बाहेर यायचा.

"ताई, थेंब गळत नाहीये. पितं की काय कोणी?" शेवटी त्याने एक जादा कॅनच तिच्या हातात दिला.

सासरेबुवांचा निकाल तयार होता. "गाडीच खोटी आहे. विकून टाका." नवरा नेहमीप्रमाणे मूग गिळून बसला. तेवढं काम तो मन लावून करायचा. गिऱ्हाईक रविवारी चार वाजता येणार असं ठरलं. गाडी गेली की धंदा जाणार, आणि सकाळी सातला किल्ली खिशात टाकून स्वतःच्या मर्जीने घराबाहेर पडणंही जाणार.

त्या रविवारी खेप टाकून आल्यावर ती गाडीची कागदपत्रं काढायला गेली. ती अर्थातच सासरेबुवांच्या कपाटात होती. कागदांच्या मागे सात बाटल्या ओळीने उभ्या होत्या. आत लालसर तेल, बाहेर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी: 'गिअर तेल, फाजील, अर्धा लिटर'. खाली तारीख. सातही तारखा रविवारच्या. बाटल्यांच्या खाली गाडीचं माहितीपुस्तक होतं, मळू नये म्हणून प्लास्टिकमध्ये सीलबंद, जसं आलं तसं.

कुंपणच शेत खात होतं, आणि वर नोंदही ठेवत होतं.

ती एक बाटली आणि पुस्तक घेऊन बाहेर आली. "बाबा, हे काय?"

"फाजील तेल," सासरेबुवा कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले. "तो मिस्त्री डोळे मिटून भरतो. मी पट्टी बघतो तर तेल खुणेच्या वर! मग पिचकारीने काढतो. फेकलं नाही हो, जपून ठेवलंय."

तिच्या जिभेवर दहा टोमणे आले. एकेक ऐकण्यासारखा होता. पण सासरेबुवा सुनेचं ऐकत नाहीत, मिस्त्रीचं तर नाहीच. ऐकतात ते फक्त छापलेल्या नियमाचं, हे तिला माहीत होतं. तिने प्लास्टिक फाडलं, गिअर तेल मोजण्याचं पान शोधलं आणि पुस्तक त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी चष्मा लावला. 'गाडी सपाट जागी उभी करावी. तेल गरम असावे. पातळी इंजिन चालू ठेवूनच पाहावी. इंजिन बंद असता ती प्रत्यक्षाहून जास्त दिसते.' त्यांनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा ओळीखाली बोट ठेवून वाचलं.

"सुरू कर," ते हळूच म्हणाले.

तिने इंजिन सुरू केलं, ब्रेक दाबून गिअरचा दांडा सगळ्या जागी फिरवून परत पार्किंगला आणला. सासरेबुवांनी पट्टी काढली, पुसली, पार आत घातली, पुन्हा काढली. नुसतं टोक ओलं होतं. त्यांनी मिस्त्रीचा कॅन मागितला आणि नरसाळ्यातून थोडं ओतलं, थांबले, पाहिलं, पुन्हा थोडं. तेल दोन खुणांच्या मधोमध आल्यावर ते म्हणाले, "चढावर नेऊन आण."

गाडी निमूट चढली. ती परतली तेव्हा गिऱ्हाईक दारात हजर होतं. त्याने टायरला लाथ मारून पाहिली.

"एवढी चांगली गाडी विकताय, म्हणजे दोष असणार काहीतरी."

नवऱ्याने आकाशाकडे पाहिलं. सुनेने मुठीतली किल्ली घट्ट धरली. पस्तीस वर्षांत सासरेबुवांनी आपल्या स्टोअरमधली एकही चूक कबूल केली नव्हती.

"दोष होता," ते म्हणाले. "सात बाटल्या भरून माझ्या कपाटात आहे. गाडी विकायची नाही."

"कसल्या बाटल्या?" नवऱ्याने विचारलं. त्याला कोणी काही सांगितलं नाही. सुनेचे डोळे मात्र भरून आले, आणि ठेवणीतले दहाही टोमणे वाया गेले.

पुढच्या रविवारी तिने दारात गाडी लावली आणि सवयीने इंजिन बंद करायला हात नेला.

"बंद करू नकोस!" सासरेबुवा ओरडत आले. मग त्यांनी पांढरं फडकं तिच्यापुढे धरलं. "उतर. मी ब्रेकवर पाय ठेवून बसतो. पट्टी तू वाच."