ठेवणीतली नव्हे, रोजची

मित्रांनो, मी जुनी आहे, प्लायवूडची आहे, आणि मला या दोन्ही गोष्टींची काडीइतकीही लाज वाटत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझी कीव करायला नको. युकुलेले म्हणतात मला. चार नायलॉनच्या तारा, हातभर लांबी, आणि गिटारीशेजारी ठेवलं तर तिचं शेंडेफळ वाटावं असा बांधा.

माझा जन्म कारखान्यातला. लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवले, साच्यात दाबले, वरून पॉलिश फासलं, झाले मी तयार. लेबल लावणारी बाई शेजारणीशी गप्पांत रंगली होती, म्हणून माझं लेबल तिरकं बसलं. त्या दिवशी माझ्यासारख्या कितीतरी बहिणी खोक्यांत भरून निघाल्या. कोण कुठे गेली, देव जाणे.

मला ताईनं नेलं. ताई कपडे शिवते. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान आहे. तिनं मला कात्रीशेजारच्या खिळ्यावर टांगलं आणि त्या दिवसापासून मी कामाला लागले. इस्त्री तापेपर्यंत मी. गिऱ्हाईक पडद्यामागे कपडे घालून बघतंय, तोवर मी. मशीनचा दोरा तुटला की ताई आधी चिडायची, मग मला खाली काढायची, दोन ओळी वाजवायची आणि मगच दोरा ओवायची. माझ्या अंगावर खडूचे फराटे उमटले, पाठीवर चहा सांडला, नुकते दात फुटलेल्या एका बाळानं माझं डोकं चावून पाहिलं. दुकानातल्या वाफेत आणि उकाड्यात भल्याभल्या लाकडांना तडे गेले असते. मी ढिम्म. फार तर सूर उतरायचा, तो खुंटी पिळली की जागेवर यायचा.

रविवारी दुपारी शटर अर्धं ओढलं की दुकानात युकुलेले वाजवणाऱ्या आमच्या मंडळींची बैठक भरायची. बस चालवणारे काका, शाळेत रसायन शिकवणाऱ्या बाई आणि आणखी दोघं-तिघं. कापड कापायच्या टेबलाभोवती सगळे गोल बसत. त्यांचा एक नियम होता. पहिलं गाणं कोणीही स्वतःच्या वाद्यावर वाजवायचं नाही. आपलं डावीकडच्याच्या हाती द्यायचं आणि उजवीकडून येईल ते घ्यायचं. बोटांना परक्या तारांची सवय होते आणि डोक्यातली घमेंड उतरते, असं काकांचं म्हणणं. म्हणून मंडळींची ठेवणीतली, महागडी वाद्यं घरी कपाटात झोपलेली असत आणि काखोटीला मारून आणत ती रोजचीच. त्या टेबलाभोवती आम्ही साऱ्या ओबडधोबड, ओरखडलेल्या, एकजात बिनधास्त. तिथे मला कोणी कमी लेखलं नाही.

मग एक दिवस ताईचा धाकटा भाऊ आला. तो दातांचा डॉक्टर. बहिणीवर त्याचा फार जीव, हे मला मान्य करायलाच हवं. त्यानं मखमली पेटी उघडली आणि आतून अखंड लाकडाची नवी युकुलेले काढली. पेटीत हवेचा ओलावा मोजायचं यंत्रसुद्धा होतं!

"ताई, आता हे खेळणं बास झालं," तो माझ्याकडे हनुवटी उडवत म्हणाला. "तुझ्या हाताला शोभेल असं वाजव."

त्याच्या बायकोनं मला खिळ्यावरून काढलं आणि उलटसुलट करून पाहिलं. "अहो, याचं भिंतीवरचं घड्याळ किती गोड होईल! पोटात काटे बसवायचे, की झालं. ताई, चालेल ना?"

ताईनं भावाच्या फुललेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बघा, तुम्हाला आवडेल तसं." हिला नाही म्हणताच येत नाही. इतकी वर्षं जिच्या कुशीत वाजले, तिनं मला असं एका वाक्यात देऊन टाकावं? मला खूप राग आला, आणि तो मी लपवणार नाही. भावजयीनं दिसतं कसं ते पाहायला माझ्या पोटावर कागदाचे आकडे चिकटवले. बारा, तीन, सहा, नऊ. तसंच मला पुन्हा टांगलं.

पुढचे दिवस मी खिळ्यावरून सगळं पाहत होते. नवी वाजवायची म्हणजे ताई आधी हात धुवायची, अंगठी काढायची, इस्त्री बंद करायची, खिडकी लावायची. एवढं होईपर्यंत दारात गिऱ्हाईक उभं. मग पेटी पुन्हा बंद. दोरा तुटला की ताई नुसतीच चिडायची; मला देऊन टाकलं होतं, म्हणून खाली काढायची नाही. हळूहळू पेटीवर कापडाचे तागे येऊन बसले आणि दुकानात मशीनशिवाय कसलाही आवाज उरला नाही. नव्या युकुलेलेचा यात काय दोष? तिचा आवाज माझ्याहून गोड होता, तो मी कान देऊन ऐकला आहे. पण ताईचं वाजवणंच सुटायला आलं होतं, आणि मी पोटावर आकडे घेऊन गप्प होते.

कामाच्या गर्दीत महिनाभर बंद पडलेली बैठक ज्या रविवारी पुन्हा भरली, त्याच रविवारी भाऊ ड्रिल मशीन घेऊन आला. "तुमचं चालू द्या, माझं एका मिनिटाचं काम आहे," म्हणत तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. त्यानं माझ्या तारा सैल करून बाजूला सारल्या आणि पोटावर पेन्सिलीनं फुली मारली. "प्लायवूड आहे, चिरायची भीती नाही," तो म्हणाला. त्यानं माझी केलेली ही पहिली स्तुती.

इकडे टेबलाभोवती वाद्यं डावीकडे सरकू लागली. बाईंचं वाद्य ताईसमोर आलं. ताईनं मात्र नवी युकुलेले छातीशी धरलेली. डावीकडे बसचे काका हात पुढे करून थांबले. त्यांच्या बोटांना शेंगदाण्यांचं मीठ होतं. काकांनी हात शर्टाला पुसला, पुन्हा पुढे केला. ताईचे हात काही सुटेनात.

"ताई," काका हळूच म्हणाले, "वाद्य आणलंय की पाहुणा?"

ताईचा चेहरा पडला. तेवढ्यात कोपऱ्यात ड्रिल घरघरलं आणि त्याचं टोक माझ्या पोटात शिरलं. मी ओरडले. तुम्ही त्याला लाकडाचा आवाज म्हणा हवं तर.

ताई ताडकन उठली. "हात काढ आधी!"

"अगं, झालंच—"

"काढ म्हणते ना! माझी आहे ती. मी रोज वाजवायचे तिला."

"पण मी इतक्या हौसेनं चांगली आणली..."

"आणलीस रे. मलाही आवडली. पण तिला हात लावायचीच मला भीती वाटते. महिना झाला, मी धड एक गाणं वाजवलेलं नाही. आणि हिचं घड्याळ? मी भिंतीकडे बघून काय वाजले ते मोजत बसू?"

आमच्या ताईला नाही म्हणताना मी पहिल्यांदाच पाहिलं. भाऊ गोरामोरा झाला. ड्रिलची वायर गुंडाळत तो नुसता "बरं" म्हणाला. ताईनं माझ्या तारा ताणल्या, कान लावून सूर जुळवले आणि मला काकांच्या खारट हातांत दिलं. पोटावरचा बाराचा आकडा तसाच होता. काकांनी मला असं वाजवलं की गल्लीतलं कुत्रं शटरखालून आत डोकावलं.

आज माझ्या पोटात बोराच्या बीएवढं भोक आहे. लोक विचारतात, यातून आवाज जात नाही का? जातो की! आवाज बाहेरच जायचा असतो. ताईनं ते बुजवायचं ठरवलं होतं, पण तेवढा वेळही मला खाली ठेवणं तिला जमलेलं नाही.

पुढच्या रविवारी ताईनं त्या नवीलाही गोलात आणलं, आणि काकांच्या शर्टाच्या बटणानं तिच्या पाठीवर पहिला ओरखडा पडला. ताईनं ओठ चावला आणि म्हणाली, "असू दे, वाजवा." मी खिळ्यावरून त्या बिचारीला म्हटलं, ये, आता तू आमच्यातली झालीस.

मित्रांनो, आमची काळजी जरूर घ्या. झिजलेल्या तारा बदला, ढिल्या खुंट्या आवळा, उन्हात गाडीत सोडून जाऊ नका. पण काळजीच्या नावाखाली आम्हाला पेटीत कोंडू नका, आणि शोभेसाठी आमच्या पोटात काटे खुपसू नका. उचला आणि वाजवा. बेसूर वाजवलंत तरी मी सोसेन. गप्प बसायला मात्र सांगू नका, तुमच्यापैकी कोणाचंही मी ऐकायची नाही.