चार मिनिटं दहा सेकंद

हल्ली नवीन घरात राहायला गेलं की देवाच्या फोटोआधी वायफायचं यंत्र भिंतीवर चढतं. त्यामागोमाग एकेक वस्तू येते. प्रत्येक वस्तू कामाची असते आणि प्रत्येकीचं ॲप असतं. मग आपण दिवसातून चाळीस वेळा घराकडे बघतो आणि घरातल्या माणसांशी बोलायचं तेवढं राहून जातं.

नेरळच्या रूपेशचं असंच झालं. खोपोलीच्या एका रसायन कारखान्यात तो कंट्रोल रूममध्ये कामाला होता. दिवसभर पडद्यावरचे आकडे बघायचे, एखादा आकडा वर गेला की कारण शोधायचं. ही सवय त्याने घरी आणली. फ्लॅटच्या दाराला मोबाइलने उघडणारं कुलूप बसवलं. गीझरला वेळ लावून दिली, सकाळी सहा ते सात. एरवी कितीही बटण दाबा, पाणी तापणार नाही. किचनमधल्या केटलला स्मार्ट प्लग लावला. ती कधी चालू झाली, किती वेळ चालली, सगळं त्याच्या मोबाइलवर दिसे.

यंदा पावसाळ्यात त्याचे वडील भिवाजी बांधावरून घसरले. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांना कशेळ्याजवळच्या गावाहून इथे आणावं लागलं. हॉलमध्ये त्यांची खाट पडली आणि समोर भिंतीवर कॅमेरा लागला.

"बाबा पडले-बिडले तर मला लगेच कळेल," रूपेश म्हणाला होता.

पण पंधरा दिवसांत तो कॅमेऱ्यात बाबांना बघेनासा झाला. तो बघायचा समिधाला.

समिधा त्याची बायको. ती घरूनच एका विमा कंपनीचं काम करायची. डायनिंग टेबलावर लॅपटॉप, कानाला हेडफोन, नऊ ते सहा. टेबल कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात येत असे. एका दुपारी रूपेशने सहज आवाज चालू केला आणि त्याला तिचं हसणं ऐकू आलं.

"नवीन, तुम्ही पण ना! कमाल करता!"

नवीन म्हणजे तिचा टीम लीडर. तो पुण्यात बसायचा. हेडफोनमुळे तो काय बोलला ते कॅमेऱ्याला कळलं नाही. समिधाचं उत्तर तेवढं कळलं. "अय्या, शुक्रवारी कर्जतला? फार्महाऊसवर? मजा आहे बाई तुमची."

रूपेशने ती क्लिप अकरा वेळा ऐकली. ती वाईट काही बोलली नव्हती, हे त्यालाही कळत होतं. टोचत होतं ते वेगळंच. एवढं मोकळं ती आपल्यासमोर शेवटची कधी हसली? आठवेना. जो माणूस तिला हसवू शकतो, तो शुक्रवारी कर्जतला येणार. कर्जतहून नेरळ असं किती लांब!

मग आकडे साथ द्यायला लागले. मत्सराला पुरावा कधी कमी पडत नाही. समिधा सकाळी साडेअकराला सुट्टी घेऊन एक कप कॉफी प्यायची. एका कपाला केटल जेमतेम एक मिनिट चालते. रूपेशने हे मोजलं होतं. पण गेल्या दहा दिवसांत हाच वेळ चार मिनिटांवर गेला होता. बुधवारी चार मिनिटं दहा सेकंद. म्हणजे लिटरभर, किंबहुना जास्तच पाणी. लिटरभर पाणी एकटी बाई कॉफीला उकळते?

आणि त्याच सुमाराला कॅमेरा काळा पडायचा. अर्धा तास काही दिसायचं नाही, ऐकू यायची ती फक्त पंख्याची घरघर, मग पुन्हा हॉल उजळायचा. बाबा खाटेवर, समिधा टेबलाशी, जणू काही झालंच नाही.

"काय रं, मॅच लागली काय?" शेजारच्या खुर्चीवरच्या कमलेशने विचारलं.

"नाय. घर बघतोय."

"घर बघाया घरी जावं लागतं, येड्या!" कमलेश हसला. "मघाशी तुझ्या टाकीची लेव्हल वर गेली, ती मी बघितली. आता चहा पाज."

रूपेशने पुन्हा मोबाइल उघडला.

त्या संध्याकाळी त्याने समिधाला विचारलं, "आज कोण आलं होतं का घरी?"

तिने भाजी चिरता चिरता एकदा खाटेकडे बघितलं. "नाही. का हो?"

"सहज."

ते खाटेकडे बघणं त्याने बरोबर टिपलं. बाबांनाही हिने गप्प बसवलंय, असा त्याचा अर्थ लावला आणि गप्प बसला. सरळ विचारलं असतं तर तिथेच विषय संपला असता. पण मत्सर करणाऱ्या माणसाला उत्तर नको असतं, त्याला पकडायचं असतं.

शुक्रवारी त्याने साडेदहाला अर्धा दिवस सुट्टी टाकली आणि मोटारसायकल काढली. पळसदरी गेलं, कर्जतचा पूल गेला. डोक्यात एकच चित्र होतं. टेबलावर दोन कप, आणि तिच्यासमोर कोणीतरी. अकरा पस्तीसला तो आपल्या दाराशी होता. मोबाइल काढून पाहिला. कॅमेरा काळा. केटल चालू.

त्याने कुलूप उघडलं आणि दार ढकलतानाच ओरडला, "कुठंय तो? कुठंय तुझा नवीन?"

हॉलमध्ये कोणी नव्हतं. खाट रिकामी, चादर काढलेली, गादीवर रबरी शीट. कॅमेऱ्यावर बाबांचा पंचा टाकलेला. न्हाणीघराच्या दाराशी बादली, तिच्यातून वाफ येत होती, आणि समिधा केटलमधलं उरलेलं पाणी तिच्यात ओतत होती. दाराआडून बाबांचा आवाज आला. "काय झालं गं? कोन हाय?"

आणि मग टेबलावरच्या लॅपटॉपमधून एक पुरुषी आवाज आला, नवीनचा. अगदी शांत, जरासा गोंधळलेला.

"समिधा? सगळं ठीक आहे ना? तुमचा माइक चालू आहे."

पडद्यावर नऊ चौकोन होते. तिच्याशिवाय बाकी आठही जणांनी ऐकलं होतं! पावणेबाराच्या बैठकीला सगळेच दहा मिनिटं आधी जोडून बसले होते आणि समिधा तेवढ्यात हेडफोन काढून बाबांना पाणी द्यायला उठली होती.

केटल खाली ठेवून ती टेबलाशी गेली. "सॉरी, मी नंतर बोलते," म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

"पुढच्या महिन्यात मला कायम करणार होते," ती म्हणाली. "आजच्या बैठकीत तेच ठरणार होतं. आता ठरवतील काय ते."

"पण हे पाणी... गीझर..."

"गीझर सकाळी सातला बंद होतो, रूपेश. तुम्हीच लावून ठेवलंय." लग्नाच्या आठ वर्षांत तिने त्याला पहिल्यांदाच नावाने हाक मारली होती.

ती आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला.

बाबा वॉकर धरून बाहेर आले, धोतर बदललेलं, अंग ओलं. खाटेवर बसायला त्यांना दोन मिनिटं लागली. रूपेश मदतीला पुढे झाला तर त्यांनी हात झटकला.

"तो पंचा मीच टाकतो," ते म्हणाले. "आपरेशनची नळी काढल्यापासून लघवी धरवत नाय मला. रोज या वक्ताला भिजतो. तू कारखान्यात बसून बापाची ती दशा बघावी, असं मला वाटत नाय. तिला मीच शप्पत घातलीया, रूपेशला सांगू नको म्हणून. ती बिचारी तिची कॉफी टाकून माजं पानी तापवते."

"बाबा, मला वाटलं..."

"काय वाटलं?"

रूपेशने बादली उचलून बाजूला ठेवली.

"ऐक रं. तू लहान असताना आमी भात राखाया शेतातल्या माळ्यावर बसायचो. रानडुकरं यायची. एका साली डुकरांनी अर्धं शेत लोळवलं. मग माज्या टाळक्यात तेच. पान हाललं तरी गोफण! एकदा तिन्हीसांजेला बांधापलीकडं सळसळ झाली. मी हाक नाय मारली, कोन हाय म्हणून इचारलं नाय. धोंडा भिरकावला. गेलो बघाया तर आपली गाभन गाय. पुढचा पाय मोडला तिचा. डुक्कर नवतंच तिथं. माज्या डोक्यात होतं."

रूपेशने हातातला मोबाइल खिशात घातला.

"राखन वाईट नाय, पोरा. पन राखनाऱ्यानं आदी हाक मारायची असते. 'कोन हाय?' एवढं दोन शब्द. ती तुज्या घरात ऱ्हाते, तुज्या बापाची घान काढते. तिला तू एकदा तरी इचारलंस, बाय गं, काय चाललंय तुजं? त्या मोबाइलला शंभरदा इचारलंस!"

समिधा बॅग घेऊन बाहेर आली. "बाबा, खालापूरला आईकडे जाते आठ दिवस. काम तिकडून करीन. तुमचं सगळं हे बघतील."

"जा गं बाय. जा."

रूपेशने तिला थांबवलं नाही. कुठल्या तोंडाने थांबवणार!

त्याने आठवड्याची रजा टाकली. पहिल्या दिवशी साडेअकराला त्याने पाणी फार गरम दिलं, दुसऱ्या दिवशी चादर बदलताना बाबांना नीट कुशीवर वळवता आलं नाही. तिसऱ्या दिवशी बाबा भिंतीकडे तोंड करून रडले आणि तो त्यांच्या पाठीवर हात ठेवून नुसता बसला. अर्ध्या तासाच्या सुट्टीत समिधा हे सगळं उरकून पुन्हा हसतमुखाने कामाला बसत होती. हे कुठल्याच ॲपमध्ये दिसलं नव्हतं. गीझरची वेळ त्याने काढून टाकली आणि डॉक्टरांकडे बाबांच्या त्रासाची गोष्टही काढली. त्यावर गोळ्या होत्या. पंधरा दिवस आधी कोणी बोललं असतं तर पंधरा दिवस आधी मिळाल्या असत्या.

सातव्या दिवशी कशेळ्याची चुलतबहीण ललिता बाबांजवळ थांबली आणि रूपेश खालापूरला गेला. समिधा माहेरच्या पडवीत लॅपटॉप घेऊन बसली होती. कामाचा दिवस होता. तिचं संपेपर्यंत तो पायरीवर बसून राहिला. सासूबाईंनी पाणी दिलं, चहाचं काही विचारलं नाही.

सहा वाजता समिधाने हेडफोन काढला.

"कायम करायचं तीन महिने पुढे ढकललंय," ती म्हणाली. "घरची परिस्थिती स्थिर होऊ दे, असं लिहिलंय."

"मी त्यांना पत्र लिहू? चूक माझी होती म्हणून?"

"नको. तुम्ही काही लिहू नका."

तो पायरीवरून उठून तिच्यासमोर येऊन बसला. मग रूपेशने विचारलं, "समिधा, तुझं काम नक्की काय असतं गं?"

तिने चमकून पाहिलं. ही नोकरी धरून तिला चार वर्षं झाली होती, पण हा प्रश्न त्याने कधी विचारला नव्हता. तो टोमणा नाही याची तिने त्याच्या चेहऱ्यावरून खात्री करून घेतली. मग तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

"अपघाताच्या गाड्यांचे फोटो येतात. ही बघा. मालक म्हणतो काल धडक बसली. पण पत्र्यावरच्या ओरखड्यात गंज आहे. एका दिवसात एवढा गंज चढत नाही."

"म्हणजे खोटं बोलतोय."

"तसं लिहायची आम्हाला परवानगी नाही. शंका आली की आधी त्या माणसाला फोन करायचा आणि नीट विचारायचं. हा मालक म्हणाला, तो ओरखडा जुनाच आहे, मी फक्त दाराचे पैसे मागतोय. खरं होतं त्याचं. फोन न करता फाईल फेटाळली तर आमची नोकरी जाते."

रूपेशला हुंदका आवरला नाही. "मी फोन केला नाही," तो म्हणाला. "तू नवीनशी हसलीस, माझ्याशी हसत नाहीस, एवढंच मला विचारायचं होतं. ते विचारायची लाज वाटली. आणि तुझ्यावर पहारा ठेवायची लाज वाटली नाही!"

समिधाने त्याचा हात धरला नाही. पण ती उठूनही गेली नाही.

"रविवारी येते," ती शेवटी म्हणाली. "बाबांसाठी येते. तुमचं काय ते नंतर बघू. आणि रोज संध्याकाळी तुम्ही मला विचारायचं, दिवस कसा गेला. मी सांगीन ते ऐकायचं."

"विचारीन."

वाचकहो, घरात यंत्रं जरूर आणा. वीज वाचवा, म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्या. पण कुठलंही यंत्र केवळ काय घडलं ते सांगतं, का घडलं ते माणूसच सांगू शकतो. मनात संशय आला तर मोबाइल उघडण्याआधी तोंड उघडा. ज्याच्यावर पहारा ठेवावासा वाटतो, त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा. उत्तर ऐकायची तयारी नसेल, तर दोष समोरच्या माणसात नाही, आपल्यात आहे!