सुरीची मूठ

तपासणीवाल्या बाईंनी कापसाचा बोळा मोरीच्या जाळीवरून फिरवला, नळीत घातला आणि झाकण लावलं.

"सगळी हत्यारं टेबलावर आली ना, काका?"

"आली," माशांच्या धुरीघराचा म्हातारा मालक म्हणाला. एप्रनखाली कमरेला लावलेली सुरी त्याच्या मांडीला टोचत होती.

सकाळी बाईंचा फोन आला होता. त्याच्या माशाच्या पाकिटांत लिस्टेरियाचे जंतू सापडले होते. हा मासा मंद, थंड धुरात मुरतो, विस्तव त्याला शिवत नाही आणि लोक तो तसाच खातात. शिवाय हे जंतू फ्रीजमध्येसुद्धा खुशाल वाढतात आणि गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाच्या जिवावर उठतात, असं बाईंनी बजावलं होतं. चाळीस वर्षं माशांना धुरी देणाऱ्याला कालची पोरगी धूर शिकवते, याचा त्याला रागच आला. तरी त्याने माल थांबवला. लेकीला मात्र काही सांगितलं नाही. सातवा महिना, उगाच तिच्या जिवाला घोर नको, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

सुरी त्याच्या वडिलांची होती. लाकडी मूठ पाण्याने फुगते म्हणून वडील ती कधी धूत नसत, कोरड्या फडक्याने पुसत. तोही तेच करत आला होता. पात्याजवळ मुठीला एक चीर होती आणि तिच्यात काळपट काहीतरी साचलं होतं. ही मूठ कुणी उकळायला लावली असती तर ते त्याला सोसलं नसतं. म्हणून गेल्या तपासणीलाही त्याने सुरी अशीच लपवली होती.

बाई बुचकळ्यात पडल्या होत्या. गेल्या वेळी टेबलं, यंत्रं, हातमोजे, सगळं स्वच्छ निघालं होतं. मग जंतू येतात कुठून, असं त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

तेवढ्यात लेक आत आली. आज पाकिटं भरायची नाहीत का, असं विचारता विचारता तिने सवयीने बशीकडे हात नेला. रोजचा पहिला काप लेकीचा, हा तिच्या लहानपणापासूनचा लाड. आजचा काप त्याने फोन यायच्या आधीच कापून ठेवला होता.

काप तिच्या ओठांपाशी पोचला आणि म्हाताऱ्याने तिच्या हातावर फटका मारला. काप फरशीवर पडला. आजवर त्याने लेकीला बोटही लावलं नव्हतं.

"बाबा?"

बाईंनी फरशीकडे पाहिलं, मग तिच्या पोटाकडे.

"ताई, ताप वगैरे आला होता?"

"परवापासून जरा कणकण आहे. का?"

म्हाताऱ्याने एप्रन वर केला, सुरी काढली आणि बाईंच्या पुढ्यात ठेवली.

"ही कशी धुता?" बाईंनी नवा बोळा काढत विचारलं.

"पुसतो."

"आणि ताईंनी या सुरीने कापलेलं कधी खाल्लंय?"

"रोज," तो म्हणाला. "मीच देतो."

बाईंनी बोळा तसाच ठेवला आणि आधी दवाखान्याला फोन लावला.