पेडलखालची पिन

“अहो, हे माझं मुळ्याच्या लोणच्याचं भांडं आहे.”

“होतं,” आमचे हे म्हणाले.

भांड्यात रॉकेल होतं आणि रॉकेलात कार्ब्युरेटर बुडाला होता. आठ महिने घराचं असं गॅरेज झालं होतं. न्हाणीघरात पिस्टन, बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले गिअर, आणि अंगणात ताडपत्रीखाली मोरिहिरोचा तो तीनचाकी ट्रक. पुढे एक चाक, मागे दोन, आणि दोघं जेमतेम मावतील एवढी बैठक. संत्र्यांच्या बागांना जाणाऱ्या अरुंद वाटांवर पूर्वी घरोघरी असे ट्रक होते. आता आमच्या खाडीवर हा एकच उरला आहे.

त्याच आठवड्यात इंजिन सुरू झालं. समोरच्या घरातले म्हातारे पायजम्यातच बाहेर येऊन टाळ्या वाजवायला लागले. मोरिहिरोची विधवा फुमिए आमच्याकडे उशिराच्या संत्र्यांची पिशवी घेऊन येत होती, ती फाटकातच थांबली.

“असाच आवाज यायचा,” ती म्हणाली. “वरच्या वळणावरून. तो आला की मी भाताखालचा जाळ कमी करायची.” मग नेहमीसारखी हसली. “इसाओसान, आता मला एकदा वर बागेपर्यंत न्या. मी मरायच्या आधी न्या म्हणजे झालं.”

“ब्रेक राहिलाय अजून,” हे म्हणाले.

“अगं बाई! लोक आधी ब्रेक बघतात. तुमचं सगळं उलटंच.”

हे वळले. हात पुसत आत गेले आणि आधीच स्वच्छ असलेले हात पुन्हा धूत बसले. फुमिएने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, वय झालं, दुसरं काय. चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी हेच करत आले आहे, ह्यांच्या वागण्याला काहीतरी कारण शोधून देते.

खरं कारण पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधलं. आमचे हे तेव्हा चोवीस वर्षांचे, ओगाता उस्तादांच्या गॅरेजात कामाला. आमचं लग्न नुकतंच झालेलं. मोरिहिरोचा ट्रक पेडल दुरुस्तीला आला होता. पेडल आणि ब्रेकचा दांडा एका बोटभर जाड पिनेने जोडलेला असतो, आणि ती पिन निसटू नये म्हणून तिच्या टोकाला भोक पाडून त्यातून तारेची एक छोटी पिन घालतात, टोकं वाकवून. दोन मिनिटांचं काम. त्या दिवशी रेडिओवर कोशिएनची मॅच होती, शाळकरी पोरांच्या बेसबॉलची. आमच्या जिल्ह्याची शाळा शेवटच्या इनिंगमध्ये एका धावेने मागे होती. मी डबा घेऊन गॅरेजात गेले होते आणि रेडिओला कान लावून उभी होते. ट्रकखालून ह्यांचे पाय तेवढे दिसत होते. मीच हाक मारली. “अहो, या ना लवकर! दोन पोरं बेसवर आहेत!”

हे आले. आमची शाळा जिंकली. आम्ही नाचलो. उस्तादांनी सगळ्यांना बर्फाचा गोळा खाऊ घातला. संध्याकाळी मोरिहिरो येऊन ट्रक घेऊन गेला.

तीन दिवसांनी, ओबोनच्या दिवशी, रिकामी पिंपं घेऊन बागेतून उतरताना तो वळणावरून खाली ओढ्यात गेला, आणि तिथेच संपला. एका नातेवाइकाकडे पितरांच्या पूजेनंतर त्याने साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, एक वाटी घेतली होती. एकच, असं फुमिए शपथेवर सांगायची. पण दोर बांधून सगळ्यांच्या आधी खाली उतरले ते ओगाता उस्ताद, आणि चिखलाने माखून वर आल्यावर ते म्हणाले, “वास येतोय. चिकार प्यायला होता.” पोलीस शहरातून यायला दोन तास लागले. त्यांनी तेच लिहून घेतलं.

मोरिहिरोचा मुलगा तात्सुया तेव्हा दोन वर्षांचा होता. शाळेत त्याला बेवड्याचा पोरगा म्हणायचे. पुढे एक ठरलेलं लग्न याच गोष्टीवरून मोडलं. तो ओसाकाला गेला आणि आता वर्षातून एकदा, तेही बापाच्या थडग्यापुरता, येतो.

आणि आमचे हे? गॅसची कळ तीनदा बघतात. मुलाच्या पहिल्या सायकलचे नट रोज सकाळी आवळायचे, शेवटी एकाचे आटे गेले. पुढे गॅरेज ह्यांच्याकडेच आलं, उस्तादांनीच दिलं, तेव्हा गिऱ्हाइकं ह्यांना चिडवायची की इसाओ गाडी देतो पण गाडीवरची नजर सोडत नाही. ऑगस्टमध्ये गावात प्रत्येक घरातून मॅचचा आवाज येतो. आमच्या घरात येत नाही. आम्ही कधी तसं ठरवलं नाही. त्या दिवसांत एखादा माणूस आमच्या घरी आला, तर इथे कुणीतरी आजारी आहे असं त्याला वाटावं.

छोटी पिन लावली होती की नाही, हे ह्यांना आठवत नव्हतं. एवढंच. आधी लावली आणि मग रेडिओकडे आलो, की आलो आणि मग राहूनच गेली? ट्रक ओढ्यातून ओढून फुमिएच्या कोठारात ठेवला होता, तो तसाच पडून होता. गेल्या वर्षी कोठार पाडायचं निघालं, भंगारवाला यायचा होता, तेव्हा हे जाऊन म्हणाले, मला द्या. उत्तर त्या पेडलखालीच होतं. आणि माझा शहाणा नवरा आठ महिने इंजिन घासत बसला, गिअर घासत बसला, स्टिअरिंग खोललं, पण पेडलखाली वाकून पाहिलं नाही.

फुमिए येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर म्हणाले, “बॅटरीचा उजेड धर जरा.”

मी अंगणात गुडघे टेकले. हे पाठीवर सरकत ट्रकखाली गेले. बराच वेळ खरवडण्याचा आवाज येत होता. मग तो थांबला.

“काय झालं?”

“आहे,” आतून आवाज आला. “ताएको, पिन आहे!”

मला रडू आलं आणि रागही आला, सगळं एकदमच. पंचेचाळीस वर्षं! फुकट!

“पण मी लावलेली नाही,” हे म्हणाले. “मी दोन्ही टोकं दोन बाजूंना फाकवतो. हिचं एक टोक वर वळवलंय, दुसरं कापलंय. उस्तादांचा हात आहे हा.”

“मग काय झालं? तुम्ही नाचत होतात तेव्हा त्यांनी बघितलं असेल, राहिलेली लावली असेल. उस्तादच ते. देवमाणूस.”

“हं. थांब, मोठी पिन काढतो.”

हातोडीचे चार घाव पडले. हे सरकत बाहेर आले तेव्हा तळहातावर मोठी पिन होती. त्यांनी ती मला दाखवली. पिनेवर वाळून मेणासारखं झालेलं ग्रीस होतं आणि त्याला काळ्या मातीचा पापुद्रा चिकटला होता. वरून लागलेला नव्हे. पिन ज्या भोकात बसते, त्याच्या आतला.

“त्या उन्हाळ्यात पाऊस नव्हता,” हे म्हणाले. “वाटेवर सगळीकडे पांढरी धूळ. काळी माती फक्त ओढ्यात होती.”

मला समजायला वेळ लागला. ट्रक खाली पडला तेव्हा भोक रिकामं होतं. त्यात ओढ्याची माती भरली. पिन नंतर आत गेली, मातीवरून. पोलीस यायला दोन तास होते, आणि सगळ्यांच्या आधी खाली उतरले होते ते उस्ताद.

“त्यांनी माझ्यासाठी पिन घातली, वासाचंही खोटं सांगितलं,” हे म्हणाले. “दहा वर्षं झाली त्यांना जाऊन. दर वर्षी मी त्यांच्या थडग्यावर फुलं ठेवतो. एक शब्द बोलले नाहीत कधी.”

“फुमिएला सांगणार?”

“हो.”

“आता सांगून मेलेला माणूस परत येणार आहे का?” मी ओरडले. “ती रोज येते आपल्याकडे. मला दुसरी मैत्रीण नाही या गावात!” आणि मग जे कधी बोलले नव्हते तेही बाहेर आलं. “हाक मी मारली होती. विसरलात?”

“नाही विसरलो,” हे शांतपणे म्हणाले. “तू हाक मारलीस. पिन मी लावायची होती.”

सकाळी ह्यांनी काळा सूट काढला. मी म्हटलं, मयताला निघालात का. हो, म्हणाले. मग मीही काळे कपडे घातले.

फुमिएने दार उघडलं, आमच्याकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं. “कोण गेलं?” तिने विचारलं. हे उंबऱ्याच्या आतच गुडघ्यांवर बसले, दोन्ही पिना रुमालावर ठेवल्या, आणि कपाळ चटईला टेकवून सगळं सांगितलं. रेडिओ, पिन, उस्ताद, माती. माझं नाव घेतलं नाही. मग मी माझं सांगितलं.

फुमिए पिनांकडे बघत होती. तिने हात लावला नाही.

“म्हणजे त्यांनी ब्रेक दाबला होता?” तिने विचारलं.

“दाबला असणार. पेडल नुसतं खाली गेलं असेल.”

“तात्सुया म्हणतो, बाबांना झोप लागली असेल. पिऊन झोपले असतील.” ती थांबली. “जागे होते ते.”

“जागे होते,” हे म्हणाले.

स्वयंपाकघरात किटली उकळून उकळून आटली, आणि तिचा वास आल्यावर फुमिए उठून गॅस बंद करून आली.

“इसाओसान, तुम्ही घरी जा. तुमच्याशी काय बोलायचं ते मला आज कळत नाही. कदाचित पुढेही कळणार नाही.” मग ती माझ्याकडे वळली. “तू थांब. मला दुकानात जायचंय. तो चढ मला एकटीला होत नाही.”

तिने बाहेर जायचे बूट घातले. चढावर तिने माझा दंड धरला, पण वाटेत माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. दुकानात दुकानवाली नाकासान होती, आणि संत्र्यांच्या सोसायटीतल्या तीन बायका. त्या चौघी बोलत असल्या की गावातली कुठलीच गोष्ट सुटत नाही.

“फुमिएसान! आज इकडे कुठे?”

“साके द्या.”

नाकासानचा हात हवेतच राहिला. फुमिएच्या घरात पंचेचाळीस वर्षांत साके आली नव्हती. नवऱ्याच्या तसबिरीपुढे ती चहा ठेवायची. तेहतिसाव्या श्राद्धालासुद्धा भटजींपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना जवाचा चहा दिला होता, आणि ह्याच तिघी घरी जाताना त्यावर हसल्या होत्या. त्यांच्याबरोबर मीही होते.

“पाहुणे आलेत का?”

“नाही. मोरिहिरोसाठी.”

नाकासानने काउंटरवरची छोटी बाटली पुढे सरकवली.

“मोठी द्या,” फुमिए म्हणाली. “त्यांना चांगली आवडायची, ती वरची.”

नाकासान स्टुलावर चढली, बाटली काढली, फडक्याने पुसली आणि सवयीने वर्तमानपत्र ओढलं.

“गुंडाळू नका.”

“अहो, रस्त्याने लोक बघतील.”

“बघू दे.”

भरदुपार होती. गल्लीत बायका वाळत घातलेले कपडे काढत होत्या, टपालवाला सायकल धरून उभा होता, समोरचे म्हातारे ओट्यावर बसले होते. फुमिए ती मोठी बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरून रस्त्याच्या मधोमध चालत होती. बाटली जड होती. तिची पावलं थकत होती. मी हात पुढे केला. तिने मान हलवली आणि बाटली दिली नाही. मी हात मागे घेतला आणि घरापर्यंत तिच्या मागून चालत गेले.